ताटातली गोळी

बायकांना समजावून सांगायचं, हे माझं काम. एचआयव्ही असलेल्या बायकांच्या घरी जायचं, रोज गोळी घेतात का बघायचं, घेत नसतील तर का नाही ते विचारायचं, निरोधची पाकिटं द्यायची आणि परत यायचं. मला स्वतःला हा आजार आहे, म्हणूनच हे काम मला मिळालं. नवरा गेला आणि जाताना हे ठेवून गेला. आधी कुणाला सांगताना जीभ टाळ्याला चिकटायची. आता सरळ सांगते आणि समोरच्याचं तोंड कसं होतं ते बघत बसते.

अधूनमधून आम्हाला ट्रेनिंगला बोलावतात. गार हॉल, चहा, खारी, आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत शब्द येतात, जोखमीचं वर्तन. बायकांचं जोखमीचं वर्तन कमी कसं करायचं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा शेजारच्या बाईला कोपरानं ढोसून मी म्हटलं, आपण काय दरोडे घालतो का गं? ती हसली, मला हसू आलं नाही. माझ्याकडच्या बहुतेक बायका सकाळी उठून धुणीभांडी करतात, बिड्या वळतात, शिलाई मशीन चालवतात, पोरं शाळेत सोडतात. त्यांचं जोखमीचं वर्तन एकच, मांडवात उभं राहून गळ्यात हार घालून घेतला. ते आता कमी कसं करायचं, सांगा. आणि निरोधची पाकिटं देतात तीही बाईच्याच हातात. वापरायचं कुणी आणि देतात कुणाला. नवऱ्यापुढं ते पाकीट ठेवलं की तो पहिलं विचारतो, तुला हे कुणी शिकवलं? त्याच्या पुढचं ट्रेनिंगमध्ये कुणी सांगत नाही.

हा राग तसा जुना आहे. पण एका बाईपायी तो असा पेटला की अजून विझलेला नाही. तिचंच सांगते.

नाव सांगणार नाही. आमच्या कामात नाव तोंडातून गेलं की बाईचं घर जातं. राहायला सोलापुरात, भवानी पेठेच्या मागच्या अंगाला, पत्र्याच्या दोन खोल्या आणि पुढं अंगण. घरात तेलुगू बोलतात, बाहेर मराठी. नवरा लूमवर टॉवेल विणतो, ती घरी बिड्या वळते. सासू आहे, आणि शाळेत जाणारी एक पोरगी. ही पोरगी पोटात असताना रक्त तपासलं तेव्हा तिला आजाराचं कळलं. त्या सगळ्या दिवसांत तिनं एक गोळी चुकवली नाही, आणि पोरगी निगेटिव्ह निघाली. एवढी नेटाची बाई. मला अक्का म्हणायची. अंगानं चिमणीएवढी, आणि बोलणं तर त्याहून कमी.

नवऱ्यानं तेव्हा काय केलं? अकलूजला कुणी ओळखीचं नाही म्हणून तिथल्या एका लॅबमध्ये जाऊन रक्त दिलं, रिपोर्ट बघितला, फाडला आणि उसाच्या पाटात टाकून एसटीत बसला. घरी येऊन बायकोला सांगितलं, मलापण हाय, पण कुटं बोलायचं न्हाय. सेंटरला नाव घालायला गेला नाही. सेंटर म्हणजे सरकारी दवाखान्यातली ती जागा, जिथं आम्हाला या गोळ्या फुकट मिळतात. बाहेर बाकडी आहेत, आपला नंबर येईपर्यंत तिथं सगळ्यांच्या समोर बसावं लागतं. लूमवरचं कुणी बघेल, इज्जत जाईल, असं त्याचं म्हणणं. बायको तिथं बसलेली चालत होती. तिला कुणी विचारलंच तर रक्त कमी आहे म्हणून सांगायचं, असं ठरलेलं. सासूलाही तेच सांगितलेलं.

मग तिचा रिपोर्ट बिघडला. आमच्या रक्तातला व्हायरस वर्षातून एकदा मोजतात. गोळी रोज पोटात गेली की तो दबून राहतो. दबला की बाई धडधाकट राहते आणि तिच्यापासून दुसऱ्याला लागणही होत नाही. हिचा वर गेला होता. ब्लाउज अंगावर सैल झालेलं, खोकला लागलेला. सेंटरच्या कौन्सिलर मॅडमनी, म्हणजे पेशंटना सल्ला देणाऱ्या बाईंनी, तिला समोर बसवलं. मॅडम तशा वाईट नाहीत. जुळे सोलापुरातून स्कूटीवरून येतात, डब्यातली पोळी आम्हालाही देतात. पण त्या दिवशी त्या ज्या सुरात बोलल्या, तो ऐकून मीच खाली बघत राहिले.

"गोळ्या बुडवतेस ना? खरं सांग."

"न्हाय मॅडम. खाते की."

"मग व्हायरस वाढला कसा? बाटली रिकामी करून आणायची, गोळ्या गटारात टाकायच्या, आणि वर आमच्याशी खोटं बोलायचं."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मॅडमनी सांगितलं, तीन महिन्यांनी परत रक्त बघू. तेव्हाही वर असला तर या गोळ्या तुला चालत नाहीत असं धरायचं आणि दुसरं भारी औषध सुरू करायचं. तेही असंच बुडवलंस तर मग आमच्या हातात काही नाही. पोरीकडं बघ जरा, म्हणाल्या. पोरीचं नाव निघालं तसे हिचे डोळे भरले. मग मॅडम माझ्याकडं वळल्या. "तुम्ही घरी जाऊन बघा. समजावून सांगा तिला."

मी मान हलवली. पण खोटं बोलणारी बाई मला लांबून ओळखू येते, मी स्वतः कितीतरी वर्षं खोटं बोलले आहे. ही काहीतरी लपवत होती, एवढं खरं. गोळ्या गटारात टाकणारी मात्र ही नव्हे.

मी तिच्या घरी जायला लागले. तिच्या गल्लीत माझा आजार कुणाला माहीत नव्हता, तिथं माझी ओळख म्हणजे रक्त कमी असलेल्या बायकांना भेटणारी बाई. अंगणात चार-पाच जणी मांडीवर सूप घेऊन बसलेल्या असायच्या, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. सासू मधोमध. हात चालू, तोंडं चालू, कान माझ्याकडं. अशा ठिकाणी काय समजावून सांगणार, कपाळ? तयार बिड्या घेऊन ती कारखान्यात द्यायला निघाली की मी तिच्याबरोबर चालायला लागायचे. तेवढा रस्ता आमच्या दोघींचा.

"काल घेतलीस?"

"घेतली की."

"कधी?"

"जेवल्यावर." थोडं चालून झाल्यावर तिनं विचारलं, "अक्का, औषध एका माणसाच्या अंगातनं दुसऱ्याच्या अंगात जातंय का?"

मला वाटलं पोरीला अंगावर पाजलं त्याबद्दल काही मनात आहे. मी म्हटलं, नाही गं, ज्याची गोळी त्यालाच. तिनं टोपली या कमरेवरून त्या कमरेवर घेतली आणि भराभरा चालायला लागली.

एका संध्याकाळी मी मुद्दाम जेवणाच्या वेळेला गेले. त्या आठवड्यात नवऱ्याची रात्रपाळी होती, दिवे लागता लागता जेवून तो लूमवर जायचा. मी गेले तेव्हा तो चटईवर मांडी घालून बसला होता. अंगानं बरा, केस नीट विंचरलेले, कपाळाला गंध. या ताई, बसा, म्हणाला. वागायला बोलायला एकदम सभ्य माणूस. बायकोनं पुढं ताट आणून ठेवलं. भाकरी, आमटी, कांदा. डावीकडं शेंगाची चटणी वाढलेली, आणि चटणीच्या शेजारी, जिथं आपण मीठ वाढतो तिथं, एक पांढरी लांबट गोळी.

ती गोळी मी इतकी वर्षं रोज खाते. डोळे मिटून बोटानं चाचपून ओळखीन मी ती.

त्यानं ती उचलली, तोंडात टाकली, वर तांब्यातलं पाणी प्याला आणि भाकरी मोडली. सासू मला कौतुकानं सांगायला लागली, "ताकदीची गोळी हाय. दिवसभर उभं राहून पाय दुखतेत त्येचे. सून आणतीय की दवाखान्यातनं." सून ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. तिनं मान वळवली नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि मला काही म्हणजे काही बोलता येत नव्हतं. एक शब्द बोलले असते तर सासूला कळलं असतं, सासूला कळलं की अंगणाला, अंगणाला कळलं की गल्लीला, आणि पहिलं घराबाहेर कुणाला काढलं असतं ते मला चांगलं ठाऊक आहे. सासूनं चहा दिला, तो मी प्याले. चव काही कळली नाही.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या रस्त्यावर मी तिला म्हटलं, आता सगळं सांगायचं. आणि तिनं सांगितलं. रडून नाही, घरात भाजी काय केली ते सांगावं तशा सुरात.

वर्षभर हे चाललं होतं. त्याला अशक्तपणा यायला लागला, लूमवर उभं राहवेना. घरात गोळ्या होत्याच. मग एक दिवस त्याचा, एक दिवस तिचा, असं सुरू झालं. ओव्हरटाइम असला की दोन्ही दिवस त्याचे. सणालाही त्याचेच. "ते उभं राहतेत अक्का. मी बसूनच काम करते की," ती म्हणाली.

"आणि तुझ्या अंगात औषध कुठनं येणार?"

तिनं इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. नवऱ्यानं तिला समजावून सांगितलं होतं. व्हय, माझ्या आधी त्यानं समजावून सांगितलं होतं. रोग जसा माझ्याकडनं तुझ्याकडं आला, तसं औषधपण माझ्याकडनं तुझ्याकडं येणार. गोळी मी खाल्ली काय आणि तू खाल्ली काय, एकच. फक्त मधे निरोध लावायचा नाही. लावला तर औषध अडतंय.

मी रस्त्याच्या मधोमध थांबले. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, मला बाजूला व्हायचं सुचेना. व्हायरस दबला की जोडीदाराला लागण होत नाही, हे तिनं सेंटरमध्येच ऐकलं होतं आणि भाबडेपणानं घरी जाऊन त्याला सांगितलं होतं. त्यानं त्याचं हे केलं. आम्ही बायकांना एवढं घसा फोडून शिकवतो, ते घरी जाऊन त्याच्या सोयीला लागतं. आणि हिला त्यात वावगं काही वाटलंच नव्हतं. आधी त्याच्या ताटात वाढायचं, उरलं तर आपण घ्यायचं, हे तिला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं. दूध तसं, भाजी तशी, मग गोळी वेगळी कशी असेल? तिला वाईट वाटत होतं ते एवढंच, की मॅडम तिला खोटारडी म्हणाल्या.

"असं अर्धं अर्धं औषध चालत नाही," मी म्हटलं. "मरशील तू. आणि तो पण मरेल. पोरगी म्हातारीच्या गळ्यात पडेल."

"न्हाय दिली तर ते आजारी पडतेत."

"त्याला पाय आहेत. त्याची बाटली तिथं फुकट मिळते. जाऊन घ्यायची."

"ते जात न्हाईत, अक्का."

"मग ते त्याचं त्यानं बघावं. तू का मरायचं त्याच्यासाठी?"

कारखान्याच्या दारात पोचल्यावर, आत जाण्याआधी, तिनं मला विचारलं, "तीन महिन्यांत दबंल का?" तेव्हा मला कळलं, हिला जगायचं आहे. कुणी तिला आजवर तसं विचारलंच नव्हतं.

मॅडमना सांगितलं तर त्या गालाला हात लावून बसल्या. असंही असतं का, म्हणाल्या. मग म्हणाल्या, "दोघांना घेऊन या. एकत्र बसवून बोलू." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अहो, तो इथं येणाऱ्यातला असता तर ही वेळ आली असती का? मी म्हटलं, बोलणं नंतर, आधी तिची गोळी तिच्या पोटात जाऊ द्या. माझं घर तिच्या गल्लीच्या आणि बिडी कारखान्याच्या मधे आहे. बाटली माझ्याकडं राहील. रोज दुपारी बिड्या द्यायला जाताना ती माझ्या दारात थांबेल, माझ्यासमोर गोळी घेईल आणि पुढं जाईल. वेळ रात्रीची असो की दुपारची, रोज तीच असली म्हणजे झालं. मॅडमनी जरा विचार केला आणि हो म्हणाल्या. तेवढं त्यांचं चांगलं.

निरोधचं काय करायचं, हा दुसरा प्रश्न. तो ऐकणार नव्हता. मी तिला सांगितलं, आतून सूज आहे, डॉक्टरांनी जवळ यायचं नाही म्हणून बजावलंय, असं सांग. बायकांना नवऱ्याशी मोकळेपणानं बोलायला शिकवा, असं ट्रेनिंगमध्ये सांगतात. मोकळेपणानं बोलून ही वाचत असती तर मी तेही शिकवलं असतं. मी तिला खोटं बोलायला शिकवलं, आणि मला त्याचं काडीचं वाईट वाटत नाही.

नवऱ्याच्या ताटातली गोळी बंद झाली. काही दिवस तिनं सांगितलं, सेंटरला माल संपलाय. मग त्याला कळलंच. एका सकाळी पाळी सुटल्यावर तो सरळ माझ्या दारात आला. केसांत, भुवयांत सुताचा भुसा. चप्पल बाहेर काढून उंबऱ्यात उभा राहिला, आवाज एकदम नरम.

"ताई, आमची बाटली तुमच्याकडं हाय म्हनं."

"तुमची नाही. तिची आहे."

"तिची म्हंजे आमचीच की ओ. नवरा-बायकोत काय तुजं-माजं?"

"बरं. मग सेंटरच्या बाकड्यावर बसायचं पण दोघांचं मिळून करा. एकदा ती बसेल, एकदा तुम्ही."

तो कसंनुसं हसला. "आमाला न्हाय जमत ते. मानसं बघतेत. लूमवर तोंड दाखवायची सोय राहत न्हाय."

"आणि तिला बघतात त्याचं?"

"बाईमानसाचं काय. तिला कोन वळखतंय."

इथं माझं डोकं फिरलं. इतका वेळ मी तुम्ही म्हणत होते, ते गेलं. "ऐक," मी म्हटलं. "तू तिला रोग दिलास. त्याबद्दल मी बोलत नाही. माझ्याही नवऱ्यानं दिला, त्यालाही कुणीतरी दिलाच असेल. पण तू तिचं औषध खाल्लंस. आणि वर तिला सांगितलंस की ते तिला पोचतंय. ते पोचत नाही, हे तुला माहीत होतं का नव्हतं?"

तो उंबऱ्याकडं बघत राहिला, मान वर करेना. त्याला माहीत होतं. हे मला आजही पचत नाही. अडाणीपणानं केलं असतं तर मी त्यालाही समोर बसवून सांगितलं असतं, चहा पाजून सांगितलं असतं. पण हा माणूस रोज संध्याकाळी बायकोच्या आयुष्यातला एक दिवस चटणीबरोबर खात होता, आणि त्याला तो काय खातोय ते ठाऊक होतं.

मग त्यानं आवाज बदलला. "तुमाला पन हाय न्हवं ते? गल्लीत सांगितलं तर तुमच्या दारात कोन पानी प्यायला यायचं न्हाय."

"सांग की. चौकात उभा राहून सांग. मी तर ट्रेनिंगला माइकवरून सांगते. फक्त तुला कसं कळलं, असं कुणी विचारलं तर काय उत्तर द्यायचं, ते आधी ठरवून जा."

तो चपला पायात घालून गेला.

त्या दिवशी त्यानं तिला मारलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली ती सुजलेला गाल घेऊनच, टोपली कमरेवर. मी बोलायला लागले, तिनं हात पुढं केला आणि म्हणाली, आधी गोळी दे. ती घेतली, पाणी प्याली, मग बसली. मी पोलिसात जाऊ म्हटलं. ती म्हणाली, तिथं विचारतील का मारलं, मग काय सांगू? मी बर्फ आणून दिला आणि दात-ओठ खात बसले.

ती येत राहिली. मग एक दिवस आली नाही. दुपार टळली तरी आली नाही. मी एक गोळी पदराच्या टोकाला बांधली आणि तिच्या घरी गेले. अंगणात सगळ्या जणी बसलेल्या, ती पण सूप घेऊन बसलेली, आणि तिची टोपली घेऊन सासू निघायच्या तयारीत. आता बिड्या मीच नेणार, सुनेनं घराबाहेर पडायचं न्हाय असं पोरानं सांगितलंय, असं सासू मला म्हणाली. मी तिथंच फतकल मारून बसले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "हिचं रक्त लई कमी झालंय. गोळी रोज माझ्यासमोर घ्यायची, वरून तसा हुकूम आहे. उद्यापासून हिला पाठवा नाहीतर मी रोज इथं येऊन बसते." पदराची गाठ सोडून गोळी तिच्या हातावर ठेवली. एकीनं पाण्याचा तांब्या दिला. सगळ्या अंगणासमोर तिनं ती गिळली.

सासू म्हणाली, "आन् माझ्या पोराची ताकदीची गोळी? ती का बंद केली?"

"पुरुषमाणसाला अशी घरपोच मिळत नाही," मी म्हटलं. "त्यानं स्वतः जाऊन घ्यायची असते."

दुसऱ्या दिवसापासून सासू तिला परत पाठवायला लागली. मी रोज अंगणात येऊन बसणं तिला नको होतं. सुनेचा खोकला हळूहळू कमी झाला. आणि तिकडं नवरा खंगायला लागला. ताप यायचा, लूमवर भोवळ आली, मालकानं घरी पाठवलं. मला कुणी विचारेल, तेव्हा तुला काय वाटलं? मला दया आली नाही. सेंटर तिथंच होतं, बाकडी तिथंच होती, त्याला कुणी बांधून ठेवलं नव्हतं.

शेवटी जीवावर आलं तेव्हा इज्जत आठवेनाशी झाली. तिच्या रिपोर्टच्या दिवशी तो तिच्यामागून आला, तोंडाला रुमाल बांधून. मी आधीच जाऊन बसले होते. बाकड्यावर त्याच्याच लूमवरचा एक माणूस बसला होता, स्वतःच्या बाटलीसाठी आलेला. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. तो माणूस जरा सरकला आणि त्यानं याला बसायला जागा दिली. बस, एवढंच झालं. एवढ्यासाठी वर्षभर हिनं आपलं औषध ताटात वाढलं होतं.

नंबर आला तसे आम्ही तिघं आत गेलो. डॉक्टर होते, मॅडम होत्या. मॅडमनी रिपोर्ट बघितला आणि त्यांचा चेहरा खुलला. "दबलाय गं. अगदी छान दबलाय." माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. मग मॅडमचं लक्ष नवऱ्याकडं गेलं. त्यांना सगळं माहीत होतं, मीच सांगितलं होतं. पण नवरा स्वतःच्या पायांनी आलेला बघून त्या सगळं विसरल्या. "हे मालक ना? बघा, नवरा बरोबर असला की किती फरक पडतो. असा समजूतदार माणूस सगळ्या बायकांना मिळायला पाहिजे." डॉक्टरांनीही मान डोलावली. त्यानं रुमाल खाली केला आणि नम्रपणानं हसला.

मी तोंड उघडलं. आता मी जे बोलणार होते त्यानंतर मला त्या खोलीत परत कुणी घेतलं नसतं. तेवढ्यात माझ्या मनगटावर तिचा हात आला, तंबाखूनं काळवंडलेली बोटं. दाबून धरला.

डॉक्टर नवऱ्याला विचारत होते. "याआधी या गोळ्या कधी घेतल्यात का? अर्धवट खाल्ल्या असतील तर त्या चालेनाशा होतात, मग दुसऱ्या द्याव्या लागतात."

"न्हाय साहेब. आजच पयल्यांदा."

"खाल्ल्यात," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "वर्षभर खाल्ल्यात. माझ्या. एक दिवस मी, एक दिवस ते. तुमी औषध चुकीचं द्याल, म्हणून सांगते." मग ती मॅडमकडं वळली. "तुमी मला बुडवी म्हणालात. मी बुडवली न्हाय मॅडम. मी त्यांच्या ताटात वाढली."

मॅडमचं हसू गेलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. नवरा तिच्याकडं न बघता तेलुगूत काहीतरी पुटपुटला. तिनं उत्तर मराठीत दिलं, सगळ्यांना कळावं म्हणून.

"आता तुमची तुमाला मिळंल. माझ्या बाटलीला हात लावायचा न्हाय."

टेबलावर तिची नवी बाटली ठेवलेली होती. तिनं ती उचलली, झाकण फिरवलं आणि एक गोळी तळहातावर घेतली. दुपारची वेळ झालीच होती. मी पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली. तिनं सगळ्यांसमोर गोळी गिळली, पदरानं तोंड पुसलं आणि बाटली स्वतःच्या पिशवीत घातली. नवरा खुर्चीच्या कडेला बसून आपल्याला कधी देतात त्याची वाट बघत होता.